चिंचोक्यांचा कॉम्प्युटर

अमरावतीत पहिला कॉम्प्युटर कुठे आला, असं कोणाला विचारलं तर लोक एखाद्या कॉलेजकडे नाहीतर बँकेकडे बोट दाखवतात. दाखवू द्या बिचाऱ्यांना. पहिला कॉम्प्युटर आला तो सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात, पाणीपुरवठ्याच्या क्वार्टरांमागच्या मैदानात, आणि तो मुगवड्या वाळत घातलेल्या खाटांशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसलेला होता. त्याला आठ हात होते, चार तोंडं होती, आणि हात थांबले तरी तोंडं थांबत नसत. तो बनवला मनकर्णाबाई खंडारे यांनी. कशापासून, म्हणाल, तर तीन शेजारणी, एक पितळी वाटी आणि पायलीभर चिंचोके.

मनकर्णाबाई मूळच्या अकोल्याच्या, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. अमरावतीची भाजी कडू, अमरावतीचे रिक्षावाले लबाड, अमरावतीचं ऊनसुद्धा अकोल्याच्या उन्हापुढे पोरकट, असं त्यांचं मत. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र अशा की त्यांनी सातवीच्या वर्गात पाढा सुरू केला की शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई नकाशा गुंडाळून ठेवत. पदराला सदा खडू लागलेला. बाजारात कांदे घेतानाही त्या तराजूच्या दांडीकडे अशा रोखून बघत की दांडी आपसूक सरळ व्हायची.

त्यांचे यजमान पुंजाजी खंडारे पाणी गाळायच्या कारखान्यावर देखरेखीला होते. माणूस भला, अंगाने सडसडीत, आणि अंगाला ब्लिचिंग पावडरचा वास इतका पक्का की अंधारात आले तरी आधी वास यायचा, मग पुंजाजी. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा दोघं नवरा-बायको एकाच ट्रकमधून उभ्याने गेले होते आणि उभ्यानेच भांडत परत आले होते, कारण दशम्यांचं गाठोडं पुंजाजी तिथेच विसरले. ते भांडण पुढे अकरा वर्षं अधूनमधून चालू राहिलं.

पण संसार सुखाचा. दुःख होतं ते एकच, आणि ते हिरवं होतं.

शहराला पाणी यायचं हरणटेकीच्या तलावातून. तलाव एवढा मोठा की पलीकडच्या काठावरची म्हैस उंदराएवढी दिसावी. हिवाळ्यात पाणी आरशासारखं. पण ऊन चढू लागलं की एखाद्या आठवड्यात असं काही व्हायचं, की सोमवारी स्वच्छ दिसणारं पाणी पुढच्या सोमवारी वाटून ठेवलेल्या कोथिंबिरीसारखं. काठाला धरणारं ते नेहमीचं शेवाळ नव्हे. हे डोळ्याला न दिसणारे कण, पाण्यात तरंगणारे. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि वाढता वाढता सगळा तलाव त्यांचा. मग गाळणीची वाळू तुंबायची, नळाला हिरवट पाणी यायचं, आणि त्याला ओल्या गवताचा कुबट वास.

सहासष्टच्या उन्हाळ्यात पाडव्याच्या सुमारास हे झालं, तेव्हा लोकांनी पुंजाजीला रस्त्याने चालणं मुश्कील केलं. चौकातला चहावाला ओरडायचा, "खंडारे साहेब, आज चहात पत्ती टाकू का नको? पानी तुमी रंगवूनच पाठवून राहिले!" एका वात्रटाने तर त्यांच्या सायकलच्या हँडलला शेवाळाचा हार घातला. पुंजाजी तो हार न काढताच घरी आले. मनकर्णाबाईंनी दारात बघितलं आणि म्हणाल्या, "सत्कार झाला वाटते."

"झाला," पुंजाजी म्हणाले. "आन् साहेबानं बक्षीसही सांगतलं. पुढच्या साली नयाले हिरवं पानी आलं, तर आपली बदली सिरोंच्याले."

मनकर्णाबाईंची पोळी तव्यावर फुगली, करपली, तरी त्या हलल्या नाहीत. सिरोंचा! चांदा जिल्ह्याच्या पार शेपटाला, नदीपलीकडे दुसरं राज्य. वाघांची शाळा असेल तिथे एखादी, पण मुलींचं हायस्कूल नव्हतं. आणि मनकर्णाबाई वर्षानुवर्षं हंगामी मास्तरीण म्हणून राबून आदल्याच जूनमध्ये शाळेत कायम झाल्या होत्या. त्या कागदावरची शाई वाळली नव्हती. आता तो कागद सोडून वाघाला त्रैराशिक शिकवायला जायचं?

"नाई जात मी," त्या म्हणाल्या.

"मंग पान्याले सांग, हिरवं नको होऊ म्हनून."

"सांगते," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि करपलेली पोळी नवऱ्याच्या ताटात वाढली.

उपाय नव्हता असं नाही. मोरचूद. संत्र्याच्या बागांवर मारतात तेच निळं मोरचूद पोत्यात भरून नावेमागे पाण्यातून ओढत नेलं की ते कण मरतात. पण मेख अशी, की हिरवं डोळ्याला दिसल्यावर मारलं तर मेलेलं सगळं कुजतं आणि वास दुप्पट. फार आधी मारलं तर त्याचा जोर निघून जातो, आणि कण मागाहून निवांत येतात. नेमकं वाढीच्या तोंडाशी मारायला हवं. मोरचूद मुंबईहून मागवायचं, वर्षाला एकदाच मंजुरी, आणि मागणी हिवाळ्यातच करायची. म्हणजे तलाव कधी हिरवा होणार, ते तो आरशासारखा असतानाच सांगायला हवं. असं कोण सांगणार? पुंजाजींनी एका ज्योतिषालाही विचारलं होतं. त्याने तलावाची जन्मवेळ मागितली.

त्या दिवाळीत मनकर्णाबाई माहेरी अकोल्याला गेल्या, तिथे त्यांचा मावसभाऊ देवमन आला होता. देवमन मुंबईला एका मोठ्या संस्थेत कॉम्प्युटरची कार्डं पाडायच्या कामावर होता. म्हणजे पुठ्ठ्याला भोकं पाडायचा. पण काळा चष्मा लावून अकोल्याच्या टिळक रोडवरून असा चालायचा की ते यंत्र याच्या सासऱ्याने हुंड्यात दिलंय असं वाटावं. संध्याकाळी अंगणात त्याने सगळ्या नातेवाइकांना कॉम्प्युटर समजावून सांगायला घेतला, आणि बाकीचे एकेक करून झोपले. जाग्या राहिल्या त्या फक्त मनकर्णाबाई.

"ताई, त्याले डोकं नसते," देवमन म्हणाला. "लय मठ्ठ. एका वेळी एकच बारकं काम. हे मियव. यातून हे काढ. जे उरलं ते पुढं दे. फिरून तेच. फिरून तेच. फक्त थकत नाई आन् कटाळत नाई."

"आन् जे उरलं, त्याच्यावरच पुढचा फेरा?"

"हाव. आमच्या इथं एक साहेब त्याच्यावर कुठच्या तरी देशातल्या तलावातलं शेवाय वाढवते. तलाव तिकडं, साहेब इकडं, आन् शेवाय कागदावर!" देवमन हसला. "काम नाई धंदा नाई."

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या साहेबाचं शेवाय कशानं वाढते आन् कशानं कमी होते, ते सांग." देवमनला जेवढं आठवत होतं तेवढं त्याने सांगितलं. ऊन आणि खत मिळालं की वाढतं. काही तळाशी बुडतं. काही पाण्यातल्या पिसवा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे किडे, खातात. उरलेलं पुढच्या आठवड्यात.

परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मनकर्णाबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. समोरच्या बाईला वाटलं, जप चाललाय. तिने नमस्कार केला.

आता यंत्र कुठून आणायचं? ते पौषात आपोआप जमलं. क्वार्टरांमधल्या बायका दुपारी मुगवड्या घालायला मैदानात बसायच्या. एकीने डाळ वाटायची, दुसरीने फेसायची, तिसरीने खाटेवरच्या कापडावर वड्या टाकायच्या. एकीचं झालं की पातेलं पुढे. मनकर्णाबाई शाळेतून आल्या, क्षणभर बघत उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अवं, हा तर तयारच हाये!"

"काय तयार हाये?" गोदाबाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"ते कच्ची डाळ हाये वो बाई. तोंडात टाकजा नका."

तर असा तो बनला. गोदाबाई, फिटरची बायको, गोलमटोल आणि सढळ हाताची, तिला मनकर्णाबाईंनी ऊन केलं. वाटीत जेवढे चिंचोके येतील त्यांत तिने भर घालायची: कडक उन्हाच्या आठवड्यात दुपटीच्या वर, कोवळ्या उन्हात थोडी, थंडीत काहीच नाही. तिच्या शेजारी माणिकबाई, अंगाने काटकी, कमी बोलणारी, ती तळ झाली. बुडालेलं तिने काढून घ्यायचं. तिसऱ्या जागेला पिसवा हव्या होत्या, आणि तिथे बसल्या साक्षात सुंदराबाई देशमुख.

सुंदराबाई म्हणजे साहेबांच्या, कार्यकारी अभियंता खुशालराव देशमुखांच्या मिसेस. बंगल्यातून रोज मुगवड्या 'बघायला' यायच्या आणि खुर्ची मागवायच्या. सतरंजीवर बसणं त्यांना कमीपणाचं वाटे, पण आपल्यावाचून काही चालू आहे हे त्याहून कमीपणाचं. खुर्ची सोडून आल्या. "मले काय करा लागते?"

"तुमी खाता," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"इश्श!"

"पिसवा हाये तुमी. वाटीतून दर फेऱ्याले थोडं शेवाय खायचं, उरलेलं मले द्यायचं."

या 'मले द्यायचं' मध्ये जरा अडचण होती. देशमुखांच्या घरातून खंडाऱ्यांच्या हातात आजवर काही गेलं नव्हतं, आणि खंडाऱ्यांकडून देशमुखांकडे तर त्याहून नाही. कोणी बोलून दाखवत नसे. दाखवायची गरजही नसे. पण मनकर्णाबाईंनी जागा मांडल्या होत्या गणिताच्या क्रमाने, आणि गणिताला जातपात कळत नाही. सुंदराबाईंनी यावर स्वतःचा तोडगा काढला. त्या वाटी पदराआड घेत, पिसवांचं काम उरकत, आणि मग सतरंजीवर ठेवून दोन बोटांनी मनकर्णाबाईंकडे सरकवत. हातात नाही द्यायची. मनकर्णाबाईंनी ते बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं. सिरोंच्यापेक्षा हे बरं.

वाटीचा एक फेरा म्हणजे तलावाचा एक आठवडा. मनकर्णाबाई उरलेले चिंचोके मोजत, पाटीवर मांडत आणि पुढच्या आठवड्याचं ऊन पुकारत, "माघ, दुसरा आठवडा, कोवळं!" आणि वाटी पुन्हा गोदाबाईंकडे.

सुरुवातीला यंत्र बिघडायचं. देवमनचं मुंबईचं यंत्र थकत नसेल, हे रुसायचं. गोदाबाईंचं नवऱ्याशी भांडण झालं की त्या दिवशी ऊनच पडायचं नाही, तलाव भर वैशाखात थंडगार. एका चतुर्थीला तर शेवाळ इतकं वाढलं की चिंचोके वाटीबाहेर सांडून मुगवड्यांत गेले. मनकर्णाबाई चकित. मग कळलं की सुंदराबाईंनी पहिल्या फेऱ्यापासून एकही चिंचोका काढला नव्हता.

"माहा स्वताचा उपास हाये," सुंदराबाई म्हणाल्या, "आन् या पिसवाइले मी खाऊ घालू?"

पिसवांना उपास नसतो हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. शेवटी पिसवांसाठी शेंगदाण्याची उसळ आणावी लागली.

हळूहळू यंत्र बसलं. मग मनकर्णाबाईंनी आधी मागचंच वर्ष चालवून बघितलं. सहासष्टचं ऊन पुंजाजींच्या कारखान्यात रोज लिहिलेलं होतंच. पौषापासून सुरुवात. थंडीत वाटी जवळजवळ रिकामी, माघात तशीच, फाल्गुनात चारदोन, आणि मग गोदाबाईंचे हात चालू लागले, वाटी भरू लागली, आणि पाडव्याच्या आठवड्याला चिंचोके काठावर आले. पाडवा! सायकलच्या हँडलला हार पडला तो नेमका आठवडा! मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या, त्यांनी माणिकबाईंना मिठी मारली, माणिकबाई आयुष्यात पहिल्यांदा किंचाळल्या, आणि कुत्रं वड्यांच्या खाटेवर चढलं ते कोणालाच दिसलं नाही.

मग चालू साल. पुढचं ऊन कोणाला ठाऊक? मागच्या काही सालांचं सरासरी ऊन धरलं. थंडी यंदा लवकर ओसरली होती. यंत्र म्हणालं, शिवरात्रीनंतर वाढीला तोंड फुटेल आणि शिमग्याआधी तलाव हिरवा.

ही बातमी साहेबांपर्यंत कशी न्यायची हा प्रश्नच पडला नाही. सुंदराबाईंनी त्याच संध्याकाळी बंगल्यावर सांगितलं, "शिवरात्रीले मोरचूद पायजे."

"कोनं सांगतलं?" खुशालरावांनी विचारलं.

"कॉम्प्युटरनं."

"कोनता कॉम्प्युटर?"

"त्याच्यातली पिसवा मी हाये," सुंदराबाई अशा तोऱ्यात म्हणाल्या, की खुशालरावांनी मुकाट्याने मागणीवर सही केली. आपल्या बायकोला पिसवा म्हणण्याची हिंमत ज्या खंडारेबाईने केली तिला थोडं भ्यायलाच हवं, असंही त्यांना वाटलं असेल.

इथवर सगळं गोड चाललं होतं. मोरचूद मुंबईहून निघालं. मुगवड्या वाळून डब्यात गेल्या. एका रविवारी मनकर्णाबाईंना हौस आली म्हणून त्यांनी सगळं गणित एकटीने कागदावर करून बघितलं, बायकांशिवाय. पौषाच्या तिसऱ्या आठवड्यात शेवाळ शून्यावर आलं. आणि शून्याला कितीही उन्हाने गुणा, शून्यच. माघ शून्य. फाल्गुन शून्य. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, तलाव आरसा तो आरसाच.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा आरसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सतरंजी पुन्हा अंथरली आणि यंत्राला बोलावलं. या वेळी त्या पाटीकडे बघत नव्हत्या, वाटीकडे बघत होत्या. थंडीचा आठवडा. माणिकबाईंकडून वाटी निघाली तेव्हा तिच्यात दोन चिंचोके होते. पिसवांना दोन खायचेच होते. वाटी सुंदराबाईंच्या पदराआड गेली, सरकत मनकर्णाबाईंपुढे आली, आणि तिच्यात एक चिंचोका होता.

"हा कुठून आला?"

"कोनता?"

"दोन होते. तुमी दोन खाल्ले. मंग हा एक कोनाचा?"

सुंदराबाईंनी मान उडवली. "माहा. मी टाकला वट्यातून."

"काहून?"

"काहून म्हन्जे? रिकामी वाटी द्याची का? देशमुखाच्या बाईनं? कोनाच्या घरची वाटी रिकामी वापस करतात का कधी? चिमूटभर साखर तरी टाकतेच मानूस." आणि मग आवाज जरा खाली आणून, "त्यातही तुमच्याकडं. मंग तुमी म्हनान, देशमुखीन मुद्दाम रिकामी सरकवून रायली."

"दर खेपेले टाकला?"

"रिकामी झाली तवा तवा."

गोदाबाई आणि माणिकबाईंनी माना डोलावल्या. त्यांनाही माहीत होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मनकर्णाबाईंनी मात्र पाटी पालथी घातली. म्हणजे मागच्या सालचं ते पाडव्याचं जमलेलं गणित, ती मिठी, साहेबांची सही, सगळं उभं होतं ते सुंदराबाईंच्या ओटीतल्या एका चिंचोक्यावर! आणि मोरचूद बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर येऊन पडलं होतं.

त्या रात्री पुंजाजींना जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. पुंजाजी शांतपणे म्हणाले, "सिरोंच्याले आंबे चांगले असते म्हनते."

मनकर्णाबाईंचं लक्ष आंब्यांकडे नव्हतं. त्या ताटातल्या भाताकडे बघत होत्या. चिंचोका काढला तर यंदा तलाव हिरवा होत नाही. ठीक. पण मग मागच्या सालीही होत नाही. आणि मागच्या साली तर हार पडला होता, आपण डोळ्यांनी बघितला, दोन दिवस त्याचा वास सायकलला होता. म्हणजे एकतर तो हार खोटा, नाहीतर तो चिंचोका खरा.

"अवो," त्या म्हणाल्या, "उद्या नाव घेऊन तलावात जा. मधोमध. तयाचा गाळ काढून आना."

"कायले?"

"पायचं हाये, तलाव वाटी रिकामी करते का नाई ते."

पुंजाजींनी गाळ आणला. काळाकुट्ट, थंड, हिरवेपणाचा लवलेशही नाही. मनकर्णाबाईंनी लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत नुसतं उकळून गार केलेलं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि चमचाभर गाळ. दोन्ही चुलीजवळच्या खिडकीत, उबेला आणि उन्हाला. शाळेतून आल्या की चपला काढायच्या आधी बरण्या. पुंजाजी म्हणत, माझ्याकडे असं बघितलं असतं तर मीपण हिरवा झालो असतो. पहिली बरणी तशीच राहिली. दुसरीच्या काचेवर आधी धुरकट काहीतरी आलं, मग पोपटी झाक, आणि एका सकाळी बरणी अशी हिरवीगार दिसली की मोलकरणीने ती कैरीची चटणी समजून झाकण लावून ठेवली.

मनकर्णाबाई धावत मैदानात गेल्या. चपलाही घातल्या नाहीत. सुंदराबाई खुर्चीत बसल्या होत्या.

"देशमुखीनबाई, तुमचा चिंचोका खरा हाये! तयाशी गाळात शेवायाचं बी दबून बसते. थंडीत तलाव रिकामा दिसते, पन रिकामा होत नाई!"

सुंदराबाई म्हणाल्या, "ते तर मी सांगतलंच होतं. कोनीच भांडं रिकामं ठेवत नाई. तुमी मास्तरनी लोकाइले दहा बरन्या लागते."

दोनच बरण्या होत्या, पण मनकर्णाबाईंनी ते चालू दिलं. ही त्यांच्या आयुष्यातली पहिली चूक, जी त्यांनी दुरुस्त केली नाही.

शिवरात्र झाली आणि मोरचूद पडलं. नावेमागे निळी पोती ओढत पुंजाजी दोन दिवस तलावभर फिरले. फक्त एका जागी नाही. तलावाच्या बांधाच्या भिंतीखाली, त्याच्याच पाझराने भरणारं धोब्यांचं डबकं होतं. ते मनकर्णाबाईंनी सोडायला सांगितलं. पुंजाजींनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "धोबी वरडतीन, कपडे निये होतात म्हनून." पुंजाजींना पटलं. नवऱ्याला पटेल असं कारण द्यावं, खरं कारण वेळ आल्यावर सांगावं, हा त्यांचा जुना शिरस्ता.

शिमगा आला. तलाव आरसा. शिमगा गेला. आरसाच. नळाला निर्मळ पाणी. चहावाल्याने पुंजाजींना उगाच थांबवून विचारलं, "साहेब, यंदा रंग कमी पडला का?" पुंजाजी खुशीत घरी आले, तर मागोमाग साहेबांचा शिपाई. सकाळी ऑफिसात हजर व्हा.

खुशालराव टेबलामागे लाल होऊन बसले होते. मनकर्णाबाईही आल्या होत्या, शाळेची पहिली घंटा चुकवून, कोणी बोलावलं नसताना.

"खंडारे, काहीच झालं नाही!"

"हाव साहेब," पुंजाजी आनंदाने म्हणाले.

"काहीच व्हायचं नव्हतं! एवढं मोरचूद पाण्यात घातलं, भोयांचे मासे मेले, ते रोज माझ्या फाटकाशी येऊन बसतात, आणि शेवाळ कुठाय? कुठंय तुमचं शेवाळ? मी वर काय उत्तर देऊ? बायकांच्या चिंचोक्यांवर सरकारी मोरचूद बुडवलं म्हणून? सिरोंचा तर सिरोंचा!"

आता बघा माणसाची गंमत. हिरवं झालं तर सिरोंचा, नाही झालं तरी सिरोंचा. पुंजाजींनी बायकोकडे बघितलं. मनकर्णाबाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दार उघडलं आणि पिसवा आत आली. सुंदराबाई ऑफिसात कधी येत नसत. शिपायाने तीनदा सलाम केला.

"कोनाले सिरोंचा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घरी जा," खुशालराव म्हणाले. "हे ऑफिसचं काम आहे."

"माह्या यंत्राले खोटं म्हनून राहिले तुमी! उपास सोडून शेवाय खाल्लं मी त्याच्यात!"

"शेवाळ कुठंय, ते दाखवा मग!"

"चला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दाखवते."

जीप हरणटेकीला गेली. भिंतीवरून डावीकडे बघितलं तर तलाव, निळा, लखलखीत, आभाळ सांडल्यासारखा. उजवीकडे खाली धोब्यांचं डबकं. तेच पाणी, तेच ऊन, तोच पाझर. फक्त मोरचूद नाही. आणि ते इतकं हिरवं होतं की त्यात पडलेला धोब्याचा बगळ्यासारखा पांढरा सदरा पोपटासारखा दिसत होता.

"हे काय?" खुशालराव म्हणाले, आणि नीट बघायला खाली उतरले. काठावरच्या शेवाळावर त्यांचा बूट घसरला आणि साहेब कंबरेपर्यंत पुराव्यात गेले.

कोणी हसलं नाही. पुंजाजींनी हात दिला. साहेबांचा हात धरून बाहेर ओढताना ते हळूच म्हणाले, "साहेब, हेच जर नयात आलं असतं."

खुशालराव बाहेर आले तेव्हा कंबरेखाली हिरवे होते. त्यांनी एकदा तलावाकडे बघितलं, एकदा डबक्याकडे, एकदा बायकोकडे. सुंदराबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, खांदे हलत होते. "सिरोंचा राहू द्या," ते म्हणाले. "आणि हे ऑफिसात बोलायचं नाही."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या अमरावतीला माहीत होतं. बडनेऱ्याला दुसऱ्या दिवशी, अकोल्याला तिसऱ्या. पुढे नगरपालिकेच्या एका सभेत साहेबांनी 'आमच्या शास्त्रीय अंदाजपद्धती'वर छान भाषण केलं. चिंचोक्यांचा उल्लेख राहून गेला असावा, गडबडीत.

यंत्र पुढचे काही हिवाळे मुगवड्यांबरोबर चालू राहिलं. देवमन एकदा सुट्टीवर आला तेव्हा बघायला आला, काळा चष्मा काढून दोन फेरे बघितले, आणि म्हणाला, "ताई, आमचं यंत्र भांडत नाई."

"म्हनूनच त्याले समजत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या जीपच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट मात्र राहिली. मनकर्णाबाई शाळेतून आल्या तर दारात सुंदराबाई स्वतः उभ्या. खुर्ची नाही, शिपाई नाही. हातात तीच पितळी वाटी, वर ताटली झाकलेली. आत बंगल्यावरची सांजोरी होती.

"तुमची वाटी," सुंदराबाई म्हणाल्या. "मैदानात राहिली होती."

"माही नाई. तुमचीच हाये ते."

"हाव का? मंग राहू द्या. आता आनलीच हाये." आणि त्यांनी ती सरकवली नाही. मनकर्णाबाईंच्या हातात दिली.

आता रिकामी वाटी परत कशी करायची? दुसऱ्या दिवशी ती मुगवड्यांची भाजी घेऊन बंगल्यावर गेली. बंगल्यावरून ती पुरणाची पोळी घेऊन आली. खंडाऱ्यांकडून थालीपीठ. देशमुखांकडून लोणचं. देशमुख साहेबांची नंतर यवतमाळला बदली झाली तेव्हा सामान ट्रकवर चढत होतं, आणि सुंदराबाई मनकर्णाबाईंच्या दारात वाटी घेऊन उभ्या होत्या.

"घ्या, वापस करते."

मनकर्णाबाईंनी झाकण उचललं. तळाशी एकच चिंचोका होता.

"हे काय, देशमुखीनबाई?"

"काही नव्हतं घरात, सगळं बांधून झालं." सुंदराबाई पायरी उतरल्या, मग वळून म्हणाल्या, "आन् आता वाटी तुमच्याकडं हाये. वापस पाठवाल तेव्हा भरून पाठवजा."